तालुक्याच्या गावातलं केएफटी पॅकेज: पैसे कशाचे आणि उत्तर कुठे

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, एसटी स्टँडच्या आसपास किंवा एखाद्या दवाखान्याला लागून रक्त तपासणीचं कलेक्शन सेंटर सापडतंच. त्यांच्या दरपत्रकात ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ अशी ओळ असते. किडनी फंक्शन टेस्ट आणि रीनल फंक्शन टेस्ट, दोन्ही एकच. आत युरिया, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे बहुतेक ठिकाणी असतंच. कुठे कॅल्शियम आणि फॉस्फरस जोडतात, कुठे प्रोटीन-अल्ब्युमिन. दर गावागणिक बदलतो, पण ढोबळमानाने पूर्ण पॅकेज 400 ते 900 रुपयांत बसतं आणि एकटं क्रिएटिनिन 100 ते 250 रुपयांत होतं. हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही. कोकणपट्टीवर ही सेवा ज्या पद्धतीने मिळते, तिचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. तपासणी घेण्यासारखी आहे, दरही अवाजवी नाही, आणि रक्त एकदा यंत्रात गेलं की आकडे बहुधा भरवशाचे येतात. घोटाळा होतो तो रक्त यंत्रापर्यंत पोचायच्या आधी. दुसरी उणीव पॅकेजच्या रचनेतच आहे: किडनीचं दुखणं सगळ्यात लवकर जिच्यात दिसतं ती लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची, तपासणी त्यात नसते. या दोन गोष्टी ग्राहकाने स्वतः सांभाळल्या तर पैसे वसूल. नाहीतर आठ-दहा आकड्यांचा कागद हातात येतो आणि नेमकं विचारायचं तेच राहून जातं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा क्रिएटिनिनचा. स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून हा पदार्थ रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होतो आणि किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. गाळणं मंदावलं की रक्तात साठतो. पुरुषांत साधारण 0.7 ते 1.3 आणि बायकांत 0.6 ते 1.1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही नेहमीची मर्यादा. लॅबप्रमाणे ती थोडी पुढेमागे होते. काही सेंटरच्या रिपोर्टवर स्त्री-पुरुष दोघांना मिळून एकच मर्यादा छापतात, 0.6 ते 1.4 अशी. असा रिपोर्ट बाईमाणसाच्या बाबतीत सरळ दिशाभूल करतो.

कारण तो आकडा नुसता वाचून काहीच कळत नाही. वय आणि लिंग धरून त्यावरून ईजीएफआर काढावा लागतो, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. सध्या त्यासाठी सीकेडी-ईपीआय नावाचं 2021 चं सूत्र वापरतात. एकच क्रिएटिनिन घेऊन बघा. 1.1 आलं. तीस वर्षांच्या पुरुषाला त्यावर ईजीएफआर मिळतो 93, उत्तम. बहात्तर वर्षांच्या आजींना त्याच 1.1 वर मिळतो 53. रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यापुढे काही खूण नाही, ठळक अक्षर नाही, आणि आजींची गाळण्याची ताकद मात्र 60 च्या खाली गेलेली आहे. हीच गोष्ट एकाच माणसात अशी दिसते: पासष्ट वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 0.8 वरून 1.2 वर गेलं, तर दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’, पण ईजीएफआर 98 वरून 67 वर आलेला असतो. जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली आणि कुणी घरी सांगितलंही नाही. म्हणून सेंटर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: रिपोर्टवर ईजीएफआर छापून देता का, आणि कुठल्या सूत्राने? बऱ्याच लॅब आता देतात, त्याचे वेगळे पैसे पडता कामा नयेत. रक्ताला वेगळं काही करावं लागत नाही, नुसतं गणित आहे. देत नसतील तर वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्यावर मोबाइलवरही ते काढता येतं, फक्त सूत्राचं साल बघून घ्या.

ईजीएफआर 90 किंवा जास्त म्हणजे पहिली पायरी, 60 ते 89 दुसरी, 45 ते 59 तिसरी अ, 30 ते 44 तिसरी ब, 15 ते 29 चौथी आणि 15 च्या खाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांवर लघवीत अल्ब्युमिन नसेल, सोनोग्राफी ठीक असेल, तर त्याला किडनीचा आजार म्हणत नाहीत. 60 च्या खाली आलेला आकडासुद्धा एकदा आला म्हणून शिक्का मारायचा नसतो. तीन महिन्यांनंतरही तो तसाच राहिला तर जुनाट आजार म्हणायचा. हे वाक्य रिपोर्टच्या तळाशी छापलं तर कितीतरी घरांतली झोप वाचेल.

सूत्राच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. ते सरासरी स्नायू धरून चाललेलं असतं. अंगाने अगदी सुकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसात क्रिएटिनिनच कमी तयार होतं, त्यामुळे ईजीएफआर फुगून दिसतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या, क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणात उलटं होतं, किडनी धडधाकट असूनही आकडा खाली येतो. अशा दोन्ही वेळी सिस्टॅटिन सी ही तपासणी जास्त खरं सांगते, कारण तिचा स्नायूंशी संबंध नाही. थायरॉइड बिघडलेला असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर मात्र तिच्यातही गडबड होते. ती महाग असते आणि बहुतेक सेंटर नमुना मोठ्या शहरात पाठवतात. सगळ्यांनी करायची ती नव्हे. गरोदरपणात तर नेहमीची मर्यादा लावूच नये. त्या काळात किडनी जास्त गाळते, क्रिएटिनिन 0.4 ते 0.8 च्या आसपास उतरतं, आणि गरोदर बाईचं 1.0 हे डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवण्यासारखं असतं.

क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आणि रिपोर्टवर त्या बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात. जाफे पद्धत 1886 साली सापडलेल्या रासायनिक क्रियेवर चालते: क्षारयुक्त पिक्रिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनिन मिळून नारिंगी रंग येतो, तो यंत्र मोजतं. स्वस्त आहे म्हणून लहान लॅबमध्ये हीच जास्त. दुसरी एन्झायमॅटिक, तिचं रसायन महाग पण ती नेमकी. साध्या वार्षिक तपासणीला जाफे चालते. पण मधुमेह फार बिघडून रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ वाढले असतील तर जाफेत क्रिएटिनिन खोटं जास्त दिसतं, काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिकनीही तसं होतं, आणि कावीळ असेल तर खोटं कमी दिसतं. हा शेवटचा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा आहे. लेप्टोचा, म्हणजे पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, जोरदार ताप चढला की कावीळ आणि किडनीवरचा घाव एकत्रच येतात, म्हणजे नेमक्या ज्या रुग्णाचा आकडा अचूक हवा त्याचाच आकडा जाफे कमी दाखवू शकते. डोळे पिवळे झालेल्या रुग्णाचं रक्त देताना लॅबला तसं सांगा आणि एन्झायमॅटिक पद्धतीने करता येईल का विचारा.

आता वाहतूक. तालुक्याच्या पुष्कळशा सेंटरमध्ये यंत्र नसतंच. सकाळी रक्त गोळा करतात आणि दुपारच्या गाडीने ते कणकवली, रत्नागिरी, चिपळूण असं मोठ्या गावात, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबईला जातं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत चढणाऱ्या खोक्यातही असे नमुने असतात. या प्रवासाला हरकत नाही. अट एकच: निघण्यापूर्वी सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातला वरचा पातळ भाग, पेशींपासून वेगळं झालेलं असलं पाहिजे.

ते कसं होतं ते सेंटरमध्ये उभं राहून बघता येतं. केएफटीसाठी रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत घेतात. पिवळ्या टोपणाच्या नळीत तळाला जेल असतं. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलटी-सुलटी करायची, मग उभी ठेवून अर्धा तास गोठू द्यायची. नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, साधारण दहा मिनिटं फिरवायची. बाहेर काढल्यावर तीन थर स्पष्ट दिसतात: खाली गडद लाल पेशी, मधे जेलचा पांढुरका पडदा, वर फिकट पिवळं सिरम. हे रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत व्हायला हवं. सिरम गुलाबी किंवा लालसर दिसलं तर पेशी फुटल्या आहेत. तो नमुना टाकून द्यायचा आणि नवं रक्त घ्यायचं. चांगली सेंटर रिपोर्टवर ‘हिमोलाइझ्ड’ असं लिहून फेरनमुना मागतात. त्यांनी पुन्हा बोलावलं म्हणून रागावू नका, तिथे काम नीट चाललंय असं समजा.

बिघडतं ते इथे. पावसात लाइट जाते, सेंट्रिफ्यूज बंद, आणि गाडी तर वेळेवर निघणार. मग न फिरवलेल्या नळ्या तशाच बर्फाच्या खोक्यात भरून पाठवतात. लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं आणि ते आत धरून ठेवणारा पेशींचा पंप थंडीत मंदावतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या रक्तातून पोटॅशियम झिरपत राहतं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या यंत्रावर 6.2 येतं आणि गावाकडच्या घरात धावपळ सुरू होते. पेशी किती तास सिरमला चिकटून राहिल्या, त्याप्रमाणे जाफे पद्धतीचं क्रिएटिनिनही थोडं चढतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात नळी नुसती टेबलावर राहिली तर आधी उलटं होतं: उष्णतेने पंप जोरात चालतो, पोटॅशियम पेशीत शिरतं आणि खोटं कमी दिसतं, मग पेशींची साखर संपली की गळायला लागतं. जेलची नळी दुसऱ्यांदा फिरवणं हीसुद्धा चूक. पडद्याखाली अडकून राहिलेला पोटॅशियमयुक्त भाग वर येतो.

रक्त काढतानाच्या चुका वेगळ्याच. दंडाला पट्टा एका मिनिटाहून जास्त बांधून ठेवणं, शीर सापडत नाही म्हणून मूठ सारखी उघड-मीट करायला लावणं, बारीक सुईने सिरिंज जोरात ओढणं, या तिन्हींनी पोटॅशियम वाढतं. एकाच वेळी जांभळ्या टोपणाची नळी भरायची असेल तर ती लाल-पिवळ्यानंतर भरायची. जांभळीत पोटॅशियमचाच क्षार असतो आणि त्यातला थेंबभर जरी दुसरीत गेला तरी पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली येतं. रिपोर्टवर ही जोडी एकत्र दिसली, पोटॅशियम 7 आणि कॅल्शियम 6, आणि माणूस समोर हसत-बोलत उभा असेल, तर बहुतेक नळीचाच घोळ आहे. तरीही फेरतपासणी त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. पोटॅशियम खरंच वाढलेलं असेल तर ते हृदयाचे ठोके बिघडवतं, म्हणून सोबत ईसीजीही काढून घ्यावा. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त कधीच घेऊ देऊ नये.

पोटॅशियमची नेहमीची मर्यादा 3.5 ते 5.1 आणि किडनीच्या रुग्णांत खाण्यापिण्याचा त्यावर थेट परिणाम होतो. एका मोठ्या शहाळ्यात एका केळ्याएवढं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. पोटॅशियम वर राहणाऱ्या रुग्णाला मात्र आजारी आहे म्हणून शहाळं पाजणं हा कोकणातला सर्रास घडणारा, प्रेमापोटीचा अपाय आहे. करंबळ, म्हणजे आडवं कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, याचं तर लोणचं-सरबतसुद्धा किडनी अधू असलेल्याने तोंडात घालू नये. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. अधू किडनीत ते साठून मेंदूवर जातं: न थांबणारी उचकी, बरळणं, झटके.

बाकीच्या आकड्यांवर फार वेळ घालवायला नको. युरिया 15 ते 40 हा सर्वसाधारण. काही लॅब युरिया देतात आणि काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युरिया हा बीयूएनच्या 2.14 पट असतो. एका लॅबचं बीयूएन 18 आणि दुसरीचं युरिया 38 हे जवळजवळ एकच झालं, दुप्पट वाढ नव्हे. पाणी कमी प्यायलं, उलट्या-जुलाब झाले, पोटात रक्तस्राव झाला तरी युरिया वाढतो, म्हणून एकट्या युरियावर किडनीचा निकाल लावत नाहीत. युरिक अ‍ॅसिड हे सांधेदुखीच्या कामाचं आहे. किडनी अधू झाली की वाढतं खरं, पण किडनी मोजायचं ते माप नव्हे, आणि ते 7.5 आलं म्हणून ‘किडनीचा प्रॉब्लेम’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सोडियम, क्लोराइड पडून राहू द्यात. डॉक्टर बघतील. कॅल्शियम, फॉस्फरस, प्रोटीन ही ईजीएफआर 45 च्या खाली उतरलेल्यांच्या कामाची, पहिल्या तपासणीला त्याचे पैसे मोजायची गरज नाही.

पॅकेजात जे नसतं ते लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, एसीआर. मधुमेहाने किडनी बिघडायला लागली की क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी चाळणीतून अल्ब्युमिन गळायला लागतं. हे गुणोत्तर 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असावं. 30 ते 300 म्हणजे इशारा, आणि याच टप्प्यावर औषधांनी घसरण लांबवता येते. ‘रूटीन युरिन’ पट्टीवर ‘अल्ब्युमिन निल’ आलं म्हणजे सगळं ठीक, असा समज सेंटरच्या काउंटरवरसुद्धा ऐकू येतो. पट्टीला हा मधला टप्पा पुष्कळदा दिसतच नाही. एसीआरला सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची, स्वच्छ डबीत द्या. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल, आदल्या दिवशी अंगमेहनतीचं मोठं काम झालं असेल तर पुढे ढकला, खोटं जास्त येतं. एकदा जास्त आलं तर पुढच्या तीन महिन्यांत आणखी दोनदा करून तीनपैकी दोनदा जास्त असेल तरच खरं धरतात. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी 700 रुपयांचं मोठं पॅकेज घेण्याऐवजी क्रिएटिनिन, ईजीएफआरसकट, पोटॅशियम आणि एसीआर एवढंच मागावं. जवळपास तेवढ्याच पैशांत जास्त उत्तर मिळतं.

जायचं केव्हा यालाही अर्थ आहे. नुसत्या केएफटीला उपाशीपोटी जावं लागत नाही. साखर किंवा कोलेस्टेरॉल सोबत असेल म्हणून उपाशी बोलावतात. पण आदल्या रात्री मटण किंवा मासळी झाली असेल तर क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं, कारण शिजवताना मांसातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि ते पोटातून सरळ रक्तात येतं. आपल्याकडे सोमवार-गुरुवार पाळणारी घरं पुष्कळ. त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी रक्त द्यावं, आयतंच साधतं. जे कुठलाच वार पाळत नाहीत त्यांनी आदल्या दिवशी बांगडा-सुरमईला सुट्टी द्यावी. पाणी नेहमीइतकंच प्यावं. ‘किडनीचा रिपोर्ट चांगला येण्यासाठी’ सकाळपासून तांब्यावर तांब्या रिचवण्याने खरं चित्र झाकलं जातं.

आंबा काढणीच्या दिवसांत बागेत दिवसभर उन्हात राबलेला गडी, किंवा समुद्रावरून आठवड्याने परतलेला खलाशी, संध्याकाळी येऊन रक्त देऊन गेला तर युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही चढलेले दिसतील. त्याने दोन दिवस विश्रांती आणि पाणी घेऊन मग द्यावं. अंग दुखतं म्हणून त्या आठवड्यात मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं असेल तर ते फॉर्मवर लिहायला लावा. या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर किडनी ठीक असूनही क्रिएटिनिन थोडं वर दिसतं. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी गोळी नवीन सुरू झाल्यावर क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढणं डॉक्टर चालवून घेतात, तो त्या औषधाच्या कामाचाच भाग असतो. रिपोर्टवर ठळक अक्षर दिसलं म्हणून स्वतःच गोळी बंद करू नये.

पावसाळ्यातली गोष्ट निराळी. भात लावणीनंतर ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल, आणि लघवी कमी झाली तर लेप्टोचा संशय धरून केएफटी त्याच दिवशी करतात. इथे पहिल्या दिवसाचं नॉर्मल क्रिएटिनिन फसवं. घाव बसल्यावर आकडा चढायला एक-दोन दिवस जातात. म्हणून 24 तासांनी पुन्हा करायचं, आणि 48 तासांत 0.3 नेही वाढलं तर ती किडनीवरची ताजी इजा मानतात, मग तो आकडा छापील मर्यादेत का असेना. किडनी अचानक बिघडलेली असताना ईजीएफआरकडे बघूच नये, ते सूत्र स्थिर किडनीसाठी आहे. लेप्टोत पोटॅशियम नॉर्मल किंवा कमीसुद्धा राहतं, त्यामुळे ‘पोटॅशियम ठीक आहे’ ही खात्री तिथे चालत नाही. अशा रुग्णाचं रक्त मुंबईला पाठवणाऱ्या सेंटरमध्ये देऊ नका. ज्या रुग्णालयात दोन तासांत आकडा मिळतो तिथेच जा.

घरी येऊन रक्त नेण्याची सेवा अलीकडे गावोगावी पोचली आहे, आणि मुंबईत बसून गावच्या आईबाबांसाठी मोबाइलवरून बुक करणारे तिचे मोठे ग्राहक. सोय खरीच मोठी आहे, गुडघे धरलेल्या माणसाला वाडीतून तालुक्याला जायला नको. पण बुक करताना दोन गोष्टी फोनवर विचाराव्यात: रक्त नेणाऱ्या मुलाचा तुमच्यानंतर किती घरांचा फेरा आहे, आणि नळी फिरवणार कुठे, किती वाजता. सकाळी साडेसहाला घेतलेलं रक्त डोंगराच्या वाटेने दुचाकीच्या डिकीत हादरे खात दहा वाजता सेंटरला पोचत असेल तर पोटॅशियमवर विसंबता येणार नाही. क्रिएटिनिन एक वेळ निभावून जाईल. शक्य असेल तर त्याच्या फेरीतलं शेवटचं घर तुमचं ठेवायला सांगा. रविवार टाळा. बऱ्याच ठिकाणी मुख्य लॅबची गाडी त्या दिवशी नसते. नळीवर नाव, वय आणि वेळ तुमच्यासमोर लिहून घ्या. वाडीत एकाच आडनावाची दहा घरं असतात, नुसतं आडनाव पुरत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर रक्त घेतल्याची वेळ आणि तपासणीची वेळ दोन्ही छापल्या आहेत का बघा. फक्त रिपोर्टची तारीख असेल तर नमुना किती तास पडून होता हे कळायला मार्ग नाही. मोजायची पद्धत, एकक, पॅथॉलॉजिस्टची सही आणि लॅबला एनएबीएल, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असेल तर तिचा क्रमांक, हे नीट छापणारी लॅब बहुधा बाकी कामही नीट करते. एनएबीएलचं बंधन नाही, पण दोन सेंटरमध्ये निवड करायची वेळ आली तर ही खूण उपयोगी पडते. मात्र मान्यता मुख्य लॅबला असते, गावातल्या गोळा करणाऱ्या टेबलाला नव्हे, हे लक्षात ठेवा.

सरकारी बाजूलाही ही सेवा आहे आणि ती फुकट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ग्रामीण रुग्णालयांतून राज्य सरकारच्या महालॅब योजनेखाली नमुने गोळा होतात, आणि जिल्हा रुग्णालयांत केएफटी होतं. वार्षिक तपासणीसाठी तिथे जायला काहीच हरकत नाही. गाडी किती वाजता निघते ते विचारून तिच्या तासभर आधी रक्त द्या, म्हणजे नमुना कमी वेळ पडून राहतो. डायलिसिसची गरज लागणाऱ्या गरीब रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयात केंद्राच्या 2016 च्या योजनेतून मोफत सोय असते, तिथे नाव घालायलाही हेच रिपोर्ट लागतात, म्हणून फुकटचा म्हणून कागद टाकून देऊ नका.

पुन्हा किती दिवसांनी करायचं याचं उत्तर पायरीवर ठरतं. मधुमेह किंवा रक्तदाब आहे पण ईजीएफआर 60 च्या वर आणि एसीआर 30 च्या आत, तर वर्षातून एकदा पुरतं. 45 ते 59 मध्ये असेल तर साधारण सहा महिन्यांनी, एसीआर वाढलेला असेल तर त्याआधी. आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, कारण दोन लॅबमध्ये 0.1 चा फरक सहज पडतो आणि तो फरक किडनीचा नसतो. 30 च्या खाली उतरलं की तीन-चार महिन्यांनी आणि किडनीच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. हे तज्ज्ञ कोकणातल्या पुष्कळ गावांत ठरावीक वारीच येतात. ते यायच्या आदल्या दिवशी रक्त दिलं आणि नमुना बाहेरगावी जाणारा असला, तर रिपोर्ट त्यांच्या हातात पडत नाही आणि पुढची भेट पंधरवड्यावर जाते. दोन-तीन दिवस आधी द्या, सोबत जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाका.